आधी टेप, मग रक्त, सर्वांत शेवटी डीएनए: आपल्या शरीराला मानवणारा आहार कसा शोधायचा

व्यक्तिगत आहार म्हटलं की लाळेची नळी, कुरियर आणि चाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट डोळ्यांसमोर येतो. सुरुवात तिथून करू नका. जनुकं फार तर काय होऊ शकतं ते सांगतात. आज शरीरात काय चाललंय ते कंबरेचा घेर, रक्तदाब आणि रक्ताची साधी तपासणी सांगते. हा क्रम उलटा केला की माणूस नको त्या गोष्टीची धास्ती घेतो आणि हवी ती गोष्ट नजरेतून सुटते.

जनुकांना महत्त्व नाही, असं अजिबात नाही. १९३४ साली नॉर्वेत आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी मतिमंद असलेल्या दोन भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घातलं आणि ती हिरवी झाली. त्यातून फेनिलकीटोन्युरिया हा आजार सापडला. त्यात एकच जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळे फेनिलअॅलानिन हे अमिनो आम्ल शरीराला मोडता येत नाही आणि ते साठून मेंदूला इजा करतं. जन्मल्यावर लगेच टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन निदान केलं आणि प्रथिनं मोजून दिली, तर मूल निरोगी वाढतं. जनुकावरून ठरवलेल्या आहाराचं याहून स्वच्छ उदाहरण नाही. पण इथे एकच जनुक जवळजवळ पूर्ण बंद पडलेलं असतं. सर्वसाधारण लठ्ठपणा, टाइप २ मधुमेह किंवा फॅटी लिव्हर यांत शेकडो जनुकांचा हात असतो आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. हा फरक लक्षात राहिला तर पुढचा प्रत्येक रिपोर्ट नीट वाचता येईल.

पायरी १: घरातली माहिती आणि टेप

एका कागदावर तीन पिढ्या लिहा: आजी-आजोबा, आई-वडील, काका-मामा-आत्या-मावश्या, भावंडं. प्रत्येकापुढे आजार लिहा आणि तो कोणत्या वयात झाला तेही लिहा. वय सर्वांत महत्त्वाचं. सत्तरीत आलेला हृदयविकाराचा झटका आणि बेचाळिसाव्या वर्षी आलेला झटका यांचा अर्थ एक नाही. जवळच्या नात्यात पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर त्याखाली रेघ मारा. हा कागद म्हणजे फुकटात मिळालेली जनुकीय चाचणी आहे. बाजारातल्या बऱ्याच किटपेक्षा तो जास्त सांगतो.

आता कंबर. पँटच्या पट्ट्याची जागा म्हणजे कंबर नव्हे. सर्वांत खालची बरगडी बोटाने चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा. दोन्हींच्या मध्यावर, उघड्या अंगावर टेप गुंडाळा. पोट आत न ओढता, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आकडा घ्या. टेप मागच्या बाजूला खाली घसरते, म्हणून आरशात बघा. दोनदा मोजा, एक सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. वजन अगदी बेताचं असूनही पोटाभोवती चरबी असलेली माणसं बीएमआयमध्ये (उंचीच्या हिशेबाने वजन) सुटतात, टेपमध्ये सापडतात.

रक्तदाब घरी मोजायचा तर आधी लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, दंड हृदयाच्या पातळीला ठेवा आणि पट्टा उघड्या दंडावर बांधा. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजा, पहिला दिवस सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजमापात ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पायरी २: रक्त

उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), एएलटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि हिमोग्लोबिनसह रक्तपेशींची मोजणी, एवढं पहिल्यांदा पुरे. उपास ८ ते १२ तासांचा, पाणी चालतं. ‘जास्त उपाशी राहिलं की रिपोर्ट चांगला येतो’ असं समजून अठरा तास उपाशी राहू नका, त्याने उपासाचेच आकडे बदलतात. ताप, सर्दी किंवा आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम असेल तर तपासणी आठवडाभर पुढे ढकला. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा, थायरॉइडसारख्या काही हार्मोनच्या तपासण्या त्याने चुकतात.

चयापचय बिघडला आहे का, हे बघायला पाच निकष आहेत: कंबरेचा घेर (वांशिक गटाप्रमाणे मर्यादा बदलते. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटर), ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) १५० किंवा जास्त, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० पेक्षा आणि बायकांत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. रक्तातले आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमच्या लॅबचा रिपोर्ट मिलिमोलमध्ये असेल तर साखरेला १८ ने, ट्रायग्लिसराइडला ८८.५ ने आणि कोलेस्टेरॉलला ३८.७ ने गुणा. पाचातले तीन जुळले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, तपासणी परत करतात.

एचबीए१सी फसवतं ते रक्तक्षयात. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी जास्त दिवस टिकतात आणि आकडा खोटा वर जातो. पेशी लवकर फुटत असतील, अलीकडे बरंच रक्त गेलं असेल किंवा काही वेगळी हिमोग्लोबिनं असतील तर तो खोटा खाली येतो. म्हणून हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय एचबीए१सी वाचू नये.

उपाशीपोटी इन्सुलिन करून घेतलं तर होमा-आयआर, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती जुमानत नाही याचा अंदाज, काढता येतो: इन्सुलिन गुणिले साखर भागिले ४०५. पण इन्सुलिनची मापं लॅबगणिक बदलतात आणि सगळ्यांना लागू पडेल अशी ठाम मर्यादा नाही. एकाच लॅबमध्ये स्वतःचीच आधीची आणि नंतरची तुलना करायला तो बरा.

पायरी ३: कोणतं अन्न आपल्याला कसं लागतं

खरं व्यक्तिगत काम इथे आहे. २०१५ साली इस्राएलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटने ८०० माणसांच्या साखरेवर आठवडाभर नजर ठेवली. एकाच पदार्थाने एकाची साखर उसळली, दुसऱ्याची जेमतेम हलली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रेडिक्ट अभ्यासात तर एकसारख्या जुळ्यांचीही तेच जेवण खाऊन वेगवेगळी प्रतिक्रिया दिसली. डीएनए तोच, साखर वेगळी. झोप, जेवणाची वेळ, आधीचं जेवण, हालचाल, आतड्यातले जिवाणू, सगळ्यांचा यात वाटा असतो. म्हणून हे मोजूनच कळतं.

इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा खाण्याबद्दल मनात आधीच ताण असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांशी बोलूनच करा. विशेषतः मधुमेहाच्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांवर असताना पिष्टमय पदार्थ एकदम तोडले तर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचून जिवाला धोका होऊ शकतो.

ग्लुकोमीटर, पुरेशा स्ट्रिप, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि वही एवढं लागतं. ५० ग्रॅम कर्बोदकं असलेला वाटा ठरवा. शिजवलेल्या पांढऱ्या भाताचे हे साधारण १८० ग्रॅम होतात, पांढऱ्या ब्रेडचे साधारण १०० ग्रॅम. डोळ्यांनी अंदाज करू नका. वाटीत दाबून भरलेला आणि मोकळा भात यांत सहज तिसऱ्या हिश्शाचा फरक पडतो.

सकाळी, रात्रीच्या दहा तासांच्या उपासानंतर सुरू करा. आदल्या रात्रीचं जेवण प्रत्येक वेळी सारखं ठेवा, झोपही. आधीच्या तीन दिवसांत रोज निदान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेलेली असू द्या. जे बरेच दिवस भात-ब्रेड टाळून अचानक हा प्रयोग करतात, त्यांची साखर विनाकारण उंच जाते आणि ते घाबरतात.

खाण्याआधी एकदा साखर मोजा. पहिल्या घासाला घड्याळ लावा, पंधरा मिनिटांत संपवा, मग ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी मोजा. तोवर बसून राहा. हेच एकाआड एक दिवस, तीन वेळा. मग फक्त एक गोष्ट बदला: तोच वाटा, पण आधी भाज्या आणि प्रथिनं खाऊन नंतर भात, किंवा तोच वाटा आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. दोन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

सगळ्यात जास्त चुका बोटावर होतात. फळ कापलेल्या हाताने सुई टोचली की कातडीवरची साखर थेंबात मिसळते आणि मीटर भलताच आकडा दाखवतं. कोमट पाण्याने हात धुवा, पूर्ण कोरडे करा. ओला स्पिरिटचा बोळाही चालत नाही. बोटाच्या टोकाला टोचू नका, बाजूला टोचा, तिथे दुखतं कमी. थेंब येत नाही म्हणून बोट पिळू नका, पेशींमधलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. हात खाली सोडून अर्धा मिनिट हलवा, थेंब येतो. स्ट्रिपची डबी प्रत्येक वेळी घट्ट बंद करा. दमट हवेत उघडी राहिलेली स्ट्रिप बिघडते, ते वरून दिसत नाही.

घरच्या मीटरला १०० च्या वर १५ टक्के चूक माफ असते. म्हणजे १४० दिसलं तर खरी साखर ११९ ते १६१ यांच्यात कुठेही असू शकते. तीनदा मोजायचं ते याचसाठी. सरासरीत २० हून कमी फरक आला तर तो विसरून जा. आणि बघायचा तो सर्वोच्च आकडा नव्हे, खाण्याआधीपासूनची वाढ. मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर जेवणानंतर कधीमधी १४० च्या वर जाऊन येते, त्यात आजार नाही. दोन तासांनंतरही ती १४० च्या वर रेंगाळत असेल आणि हे पुन्हा पुन्हा होत असेल, तर लॅबमध्ये ग्लुकोजची रीतसर चाचणी करून घ्या.

दंडाला चिकटवायचा सेन्सर वापरत असाल तर तो रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो. त्यामुळे तो पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. पहिल्या दिवसाचे आकडे कच्चे समजा. रात्री त्या कुशीवर झोपलात तर दाबामुळे खोटी घसरण दिसते. पहाटे तीनला ५५ चा इशारा वाजला आणि अंगाला घाम नाही, धडधड नाही, तर कूस बदला आणि बोटाला टोचून खात्री करा.

एक सापळा मात्र नीट ओळखा. भातावर भरपूर लोणी घातलं की साखरेची रेघ सपाट होते, कारण स्निग्ध पदार्थ जठर रिकामं व्हायला उशीर लावतात. रेघ बघून माणूस खूश होतो आणि तीन महिन्यांनी एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) चढलेलं सापडतं. कर्बोदकं खूप कमी करून तूप-लोणी-मांस वाढवल्यावर काहींचं एलडीएल झपाट्याने वर जातं, काहींचं हलतही नाही. कोणत्या गटात आपण आहोत हे ८ ते १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करूनच कळतं. साखरेची रेघ हा एकच आरसा आहे, आणि तो सगळा चेहरा दाखवत नाही.

पायरी ४: आता डीएनए

काही वेळा जनुकीय चाचणी खरोखर हवी असते. ती डॉक्टरांमार्फत, वैद्यकीय लॅबमध्ये करायची. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आणि घरात लवकर आलेला हृदयविकार: हा आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा आजार असू शकतो, साधारण अडीचशेत एकाला असतो, आणि नुसत्या पथ्याने तो आवरत नाही, औषध लागतंच. ‘अजून थोडं तेल कमी करून बघू’ म्हणत दहा वर्षं घालवणं इथे महागात पडतं. पंचविशीच्या आत, अंगाने सडपातळ असताना आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मधुमेह: हा मोडी प्रकार (एकाच जनुकाच्या बिघाडाने होणारा मधुमेह) असू शकतो. त्यातल्या जीसीके प्रकारात बहुधा औषधच लागत नाही, एचएनएफ१ए प्रकारात इन्सुलिनऐवजी सल्फोनिलयुरिया गोळ्यांनी भागू शकतं. रक्तातल्या लोहाच्या तपासण्यांत फेरिटिन जास्त आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर असेल तर एचएफई जनुक तपासतात, त्याच्या बिघाडाने शरीरात लोह साचत जातं. तिथे लोहाच्या गोळ्या विषासारख्या.

घरी मागवायच्या किटमधली जनुकं वेगळ्या वजनाची आहेत.

दुधाचं जनुक त्यातल्या त्यात कामाचं. डीएनएवरच्या आरएस४९८८२३५ या जागी योग्य अक्षर असेल तर मोठेपणीही दूध पचतं. पण हे अक्षर मुख्यतः युरोपीय वंशात आढळतं. पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातल्या लोकांमध्ये दूध पचवणारे बदल वेगळ्याच जागी आहेत, त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘दूध पचत नाही’ असलं तरी पोट वेगळं सांगू शकतं. दोन आठवडे दूध बंद करून परत एक पेला पिऊन बघणं जास्त खात्रीचं.

कॉफीचं सीवायपी१ए२: कॅफीन सावकाश मोडणाऱ्यांनी दुपारनंतर कॉफी टाळावी, असा सल्ला मिळतो. दुपारी दोननंतर कॉफी आठवडाभर बंद ठेवून झोप बघा, उत्तर तिथेच मिळतं. दारूने चेहरा लाल करणारं एएलडीएच२ जनुकाचं रूप मात्र गांभीर्याने घ्या. ते रूप असताना दारू पिणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो.

सीलिअ‍ॅकसाठी (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ बघतात. ती जनुकं साधारण ३० ते ४० टक्के लोकांत असतात, आजार सुमारे एक टक्क्याला होतो. दोन्ही नसतील तर आजार जवळजवळ नाहीच, असतील तर काहीच सिद्ध होत नाही. सीलिअ‍ॅकची शंका असेल तर गहू बंद करण्याआधी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करा. आधी बंद केलात तर ती खोटी नॉर्मल येते आणि पुढे निदान करणं फार कठीण होऊन बसतं.

एमटीएचएफआर या जनुकावरून महागडी पूरकं विकली जातात. अमेरिकेतल्या वैद्यकीय आनुवंशशास्त्राच्या संघटनेने २०१३ मध्येच ही चाचणी सरसकट करू नये असं सांगितलं आहे. एपीओई जनुकाचा ई४ प्रकार कोलेस्टेरॉलबरोबर अल्झायमरचा धोकाही सांगतो. ते जाणून घ्यायचंय का, हे पाकीट उघडण्याआधी ठरवा, कारण ते तुमच्या मुलांबद्दल आणि भावंडांबद्दलही काही सांगून जातं.

आणि लठ्ठपणाचं एफटीओ. २००७ मध्ये सापडलेल्या या जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) जोखमीच्या असतील तर वजन सरासरी तीन किलोने जास्त असतं. फक्त तीन. दोन लाखांहून जास्त प्रौढांच्या एकत्रित विश्लेषणात, अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये त्याचा लठ्ठपणावरचा परिणाम सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसला.

‘तुमच्या जनुकांना कमी चरबीचा आहार योग्य’ असं वाक्य रिपोर्टमध्ये आलं तर त्यावर पथ्य बांधू नका. स्टॅनफर्डमध्ये ६०९ माणसांवर वर्षभर हेच तपासलं, २०१८ मध्ये निकाल आला. कमी चरबीवाल्यांचं सरासरी ५.३ किलो आणि कमी कर्बोदकंवाल्यांचं ६ किलो वजन घटलं, हा फरक नगण्य ठरला आणि जनुकांशी जुळणारा आहार घेतलेल्यांना वेगळा फायदा झाला नाही. युरोपातल्या सात देशांच्या फूड४मी अभ्यासात व्यक्तिगत सल्ला सरसकट सल्ल्यापेक्षा चांगला ठरला, पण त्यात जनुकांची भर घातल्याने आणखी काही हाती लागलं नाही.

रिपोर्ट वाचताना अक्षरं जपून बघा. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कोणत्या धाग्यावरून वाचलं त्याप्रमाणे तीच जागा एकीकडे सी/टी आणि दुसरीकडे जी/ए अशी छापली जाते. वरचं दुधाचं जनुक हे याचं ठरलेलं उदाहरण: एका ठिकाणचा ‘टी’ म्हणजे दुसऱ्या ठिकाणचा ‘ए’. कच्ची फाइल तिसऱ्याच संकेतस्थळावर टाकून आजार शोधू नका. २०१८ मध्ये एका वैद्यकीय लॅबने अशा कच्च्या फाइलींमधले जोखमीचे बदल पुन्हा तपासले, तर ४० टक्के चुकीचे निघाले. आणि एकदा दिलेली लाळ परत घेता येत नाही. ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए किट विकणाऱ्या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नमुना पाठवण्याआधी माहिती पुसून घेण्याची सोय आहे का, ते वाचा.

पायरी ५: बदल आणि फेरतपासणी

टीसीएफ७एल२ हे टाइप २ मधुमेहाशी घट्ट जोडलेलं जनुक. जोखमीच्या प्रत्येक प्रतीमागे शक्यता साधारण १.४ पट वाढते. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात ३,२३४ माणसं होती. ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढ्या लक्ष्याने मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. नंतर त्यांची जनुकं तपासली तेव्हा, नुसती नकली गोळी दिलेल्या गटात दोन्ही प्रती जोखमीच्या असलेल्यांना मधुमेह बराच जास्त झालेला दिसला, पण आहार-व्यायामाच्या गटात तो फरक जवळजवळ पुसला गेला होता. ‘आमच्या रक्तातच आहे’ म्हणून हात टेकणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवं.

तुमच्या आकड्यांत जे सगळ्यात बिघडलंय, त्यावर एकच बदल निवडा. ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर आधी साखरेची पेयं आणि दारू. एलडीएल जास्त असेल तर लोणी-साय कमी, त्याजागी वनस्पतीतेल, आणि ओट्स किंवा बार्लीतून रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन (पाण्यात विरघळणारे तंतू). जेवणानंतरची साखर रेंगाळत असेल तर खाण्याचा क्रम, वाट्याचं वजन आणि चालणं. उपाशीपोटीची साखरच जास्त असेल तर रात्रीचं उशिरा खाणं आणि झोप आधी बघा.

फेरतपासणीची घाई नको. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत परत करण्यात अर्थ नाही. लिपिड ८ ते १२ आठवड्यांनी. लॅब तीच, वेळ तीच, उपासाचे तास तेवढेच. काहीही न बदलताही ट्रायग्लिसराइड त्याच माणसात २० टक्क्यांनी सहज वर-खाली होतं, तेव्हा १६० चं १४० झालं तर पेढे वाटू नका आणि १६० चं १८० झालं तर पथ्य सोडू नका. वहीत तारीख, कंबर, वजन, रक्तदाब आणि त्या काळात केलेला तो एक बदल लिहा. आकडे पुढच्या तपासणीतही त्याच दिशेने सरकले, तर तो बदल कायम ठेवून दुसरा हाती घ्या.